पेटीतलं घर

रविवारी सकाळी आत्यानं डाव्या हातानं चहाचं आधण ठेवलं आणि वहिनीनं ते बरोबर पाहिलं.

"आज पण डावाच?"

"उजवा झोपलाय अजून."

"सहा वर्षं झोपलाय. इतकं तर तुमचे दादासुद्धा झोपत नाहीत."

आत्या हसली. हसताना खांदा हलला आणि तिनं ओठ चावला, तेही वहिनीच्या नजरेतून सुटलं नाही. वहिनी दवाखान्यात मलमपट्टीच्या टेबलाशी वीस वर्षं उभी होती. कोण कुठं दुखतंय ते लपवतंय हे तिला दारातून आत येणाऱ्याच्या चालीवरून कळायचं. घरातल्या माणसांना तर लपायला जागाच नव्हती.

आत्या बाबांची मुलगी होती, दादाची धाकटी बहीण होती. पण दादाची मुलगी भिंगरी बोलायला लागली आणि "आत्या, आत्या" करत घरभर फिरायला लागली, तेव्हापासून सगळेच तिला आत्या म्हणायचे. बाबासुद्धा. ज्यांच्या भिंती ती रंगवायची ते ठेकेदारही. तीस वर्षं तिनं शिडीवर उभं राहून लोकांची छतं पांढरी केली होती. आता उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, आणि छत काही कमरेच्या उंचीवर येत नाही.

म्हणून तिला दुकान हवं होतं. रस्त्याच्या टोकाला शिंप्याचं एक छोटंसं दुकान रिकामं झालं होतं. तिथं रंग मिसळून द्यायचे. गिऱ्हाईक सोफ्याच्या कापडाचा तुकडा घेऊन येईल, वाळलेलं पान घेऊन येईल, म्हणेल अगदी हाच रंग हवा, आणि आत्या तो काढून देईल. एवढं तिला झोपेतही जमलं असतं. अनामत रक्कम एकतीस तारखेपर्यंत भरायची होती. मालकानं साफ सांगितलं होतं की मोबाइल दुरुस्त करणारा एकजण रोज येऊन शटरला हात लावून जातो. आज सतरा तारीख होती, आणि आत्याचे पैसे पेटीत होते.

"बाबांना सांगितलंत, त्या सल्लागारबाई कशासाठी येणार आहेत ते?" वहिनीनं विचारलं.

"सांगितलं. म्हणाले, येऊ देत. चहा पाजू आणि पाठवून देऊ."

*

पेटी म्हणजे बाबांची जुनी हत्यारांची लाकडी पेटी. बाबा गवंडी. सत्तावीस वर्षांपूर्वी त्यांनी पहिल्यांदा एका कंपनीचे शेअर घ्यायचं ठरवलं, तेव्हा कागदावर त्यांचा विश्वास बसेना. मग त्यांनी त्याच कंपनीचं एक कुलूप विकत आणलं, मिठाच्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवलं, आणि नंतरही किल्ली लोण्यासारखी फिरली तेव्हा म्हणाले, "घ्या." कुलूप पेटीत गेलं. तेव्हापासून घराचा हा कायदाच झाला. आधी वस्तू टेबलावर यायची, सगळ्यांनी हातानं पारखायची. ती टिकली तर तिच्या कंपनीचे शेअर घ्यायचे आणि वस्तू पेटीत ठेवायची. शेअर विकायचे असतील तर बाबांनी आपल्या हातानं ती वस्तू बाहेर काढायची. सत्तावीस वर्षांत नऊ वस्तू आत गेल्या होत्या. बाहेर एकही आली नव्हती.

ते टेबल बघितलं की सगळा इतिहास कळायचा. मधोमध खळगा होता तिथं दादानं फरशीवर पाना टाकून पाहिला होता. फरशी वाचली, टेबल गेलं. कडेला पाण्याचा गोल डाग होता तो प्लायवुड भिजत घातलेल्या बादलीचा. आणि नळाची पारख तर सगळ्यांना पाठ होती. बारा वर्षांपूर्वी दादानं, म्हणजे घरच्या प्लंबरनं, तो नळ आणला, आणि पाच वर्षांच्या भिंगरीनं मोजत मोजत तो दोनशे वेळा उघडबंद केला. दोनशेच्या पुढं तिला मोजता येत नव्हतं, म्हणून पारख तिथं थांबली.

चौघांची मिळून ती पेटी होती: बाबा, दादा, वहिनी आणि आत्या. सगळ्यांनी तीत सारखेच पैसे घातले होते. वस्तू निवडण्यात मात्र वहिनीचा हात नव्हता. एकदाच, फार वर्षांपूर्वी, तिनं दुखऱ्या सांध्याला बांधायच्या, ताणल्या जाणाऱ्या पट्टीचा एक रोल टेबलावर ठेवला होता. दवाखान्यात हीच कंपनी चालते, म्हणाली होती. बाबांनी तो रोल दोन बोटांत धरून विचारलं होतं, "ही काय भिंतीला बांधायची?" त्यावर घर दोन दिवस हसलं. वहिनीही हसली. पण रोल उचलून घेताना तिनं तो किती हळू गुंडाळला होता, ते आत्याला अजून आठवत होतं.

*

सल्लागारबाई दहाला पाच मिनिटं कमी असताना आल्या. गेल्या महिन्यात आत्यानं त्यांच्या घराच्या भिंती रंगवल्या होत्या, छत दुसऱ्या कुणी केलं. तेव्हा चहा पिता पिता आत्यानं विचारलं होतं, "बाई, आम्ही आमचं आमचंच करतो शेअरचं. कुणी एकदा नजर टाकली तर बरं." बाई म्हणाल्या होत्या, टाकते.

बाबा खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. खिडकीतून शेजाऱ्यांची नवी कुंपणाची भिंत दिसायची, आणि ती भिंत हे बाबांचं गेल्या दोन महिन्यांतलं सगळ्यात मोठं दुःख होतं.

"बघा," त्यांनी बाईंना बसायच्या आतच सांगितलं. "वरच्या विटेचा सांधा बरोबर खालच्या विटेच्या सांध्यावर. एका रेषेत, वरपासून खालपर्यंत. कुणी शिकवलं असेल त्याला?"

"बाबा, त्या वेगळ्या कामाला आल्यात," दादा म्हणाला.

"काम नंतर. पहिल्याच हादऱ्याला चिरेल ती. मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, काका, विटा एक नंबर आहेत. अरे, विटांना कोण नावं ठेवतंय?"

बाईंनी खरोखर खिडकीशी जाऊन भिंत पाहिली. आत्याला ते आवडलं. बाबांनाही आवडलं, कारण त्यांनी खुर्ची टेबलाकडे वळवली. पण पारख त्यांनी सोडली नाही.

"तुम्ही कमिशन कुणाकडून घेता?"

"कुणाकडूनच नाही. तासाचे पैसे घेते. कुठला शेअर घ्या हे मी सांगणार नाही, ते तुम्हीच ठरवायचं. मी फक्त कुठं काय सैल आहे ते दाखवते."

"म्हणजे रोजंदारीवरच्या."

"अगदी."

"मग आपल्यातल्याच आहात. भिंगरे, बाईंना बिस्किटं दे."

भिंगरी बिस्किटं देऊन परत आली आणि कुणी सांगितलं नसताना टेबलाशी बसली. सतरा वर्षांची होती, यंदा बारावीला होती, आणि गेल्या सहा महिन्यांत तिच्यात काय शिरलं होतं कोण जाणे. वर्गात मागच्या बाकावर तोंड मिटून बसणारी मुलगी अचानक शाळेच्या वादविवादात शिक्षकांनाच प्रश्न विचारून आली होती. दादा तिच्याकडे बघून "आत जा" म्हणणार होता. पण वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यानं ते वाक्य चहाबरोबर गिळलं.

"यादी दाखवता?" बाईंनी विचारलं.

दादानं मोबाइल पुढं केला. बाईंनी चष्मा चढवला, यादी खाली सरकवली, परत वर सरकवली.

"नावांवरून मला नीट अंदाज येत नाहीये."

"वस्तूच दाखवते की," भिंगरी म्हणाली. तिनं पेटी ओढली आणि झाकण उघडलं. बाबांचा हात पुढं आला.

"बाहेर काढायच्या नाहीत."

"आजोबा, दाखवायला काढतेय. विकायला नाही."

बाबांनी थोडा विचार केला. कायद्यात हे कलम नव्हतं. "दाखवायला चालेल," ते म्हणाले.

एकेक वस्तू टेबलावर आली. कुलूप, ते आईनं पसंत केलेलं. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि किल्ली अजून त्याच सुतळीला होती. सिमेंटचा ठोकळा. लोखंडी गजाचा वीतभर तुकडा. फरशी. नळ, पाइप. वायरचं वेटोळं, ते दादाच्या एका इलेक्ट्रिशियन मित्रानं पारखून दिलेलं. प्लायवुड. शेवटी रंगाचा छोटा डबा, तो आत्याचा. त्या रंगाचा पट्टा तिनं ओल्या फडक्यानं शंभर वेळा घासला होता आणि फडकं पांढरंच राहिलं होतं.

बाईंनी प्रत्येक वस्तू हातात घेतली. कुलूप फिरवून बघितलं.

"माल उत्तम आहे," त्या म्हणाल्या.

बाबांनी सगळ्यांकडे बघितलं. झालं तर मग, असा त्यांचा चेहरा होता.

"म्हणजे काही विकायची गरज नाही," दादा म्हणाला.

"माझी गरज आहे," आत्या म्हणाली. "चौथा हिस्सा. एकतीस तारखेच्या आत."

"बाई, एक वर्ष थांब. माझा नळ बघ कुठं गेलाय." दादा तिला बाई म्हणाला की समजायचं, पारा चढायला लागलाय. "वर चाललेली गोष्ट कुणी विकतं का? तुला घाईच असेल तर तुझा रंग विक. तू आणलेला, तू काढ."

"असं कुठं ठरलंय?" वहिनी म्हणाली. "पैसे सगळ्यांनी सगळ्यात घातलेत. तुमचा नळ आणि तिचा रंग, हे कधीपासून?"

"तू तिच्याच बाजूनं बोलणार."

"मी खांद्याच्या बाजूनं बोलतेय."

"सुनबाई," बाबा मध्ये पडले, "विकायचा प्रश्नच नाही. सहा वर्षांपूर्वी काय झालं होतं आठवतंय ना? पेटी निम्म्यावर आली होती. सगळे म्हणत होते विका, विका. मी म्हटलं, माल पारखलेला आहे, थांबा. थांबलो. दोन वर्षांत दुप्पट झाली." त्यांनी बाईंकडे पाहिलं. ही गोष्ट ते आल्यागेल्याला सांगायचे, अगदी दूधवाल्यालाही त्यांनी ती दोनदा सांगितली होती.

"सहा वर्षांपूर्वी का पडलं होतं सगळं?" बाईंनी विचारलं.

"बांधकामं थांबली होती ना," दादा म्हणाला. "वर्षभर. अर्धवट इमारती तशाच उभ्या. कुणी खिळा ठोकत नव्हतं."

"आणि तुमची कामं?"

दादा हसला. "माझ्या पान्याला गंज चढला होता. गळका नळ दिसला की लोकांच्या आधी मीच खूश व्हायचो."

"काका, तुमची?"

"मी तेव्हा कामावर होतो अजून. शेवटचं वर्ष. घरीच बसलो." बाबांनी खांदे उडवले. "पण विकलं नाही."

"मध्ये पैसे लागले नाहीत कुणाला?"

बाईंनी हे सहज विचारलं, चहाचा कप उचलता उचलता. पण वहिनीनं मान खाली घातली. दादानं मोबाइल उलटा करून ठेवला.

आत्याचं लक्ष भिंगरीच्या हातांकडे होतं. बोलणं कंटाळवाणं झालं की तिचे हात काहीतरी करायला लागायचे, लहानपणापासून. तिनं फरशी खाली ठेवली होती. फरशीच्या एका बाजूला सिमेंटचा ठोकळा, दुसऱ्या बाजूला गज आणि पाइप शेजारी शेजारी उभे. त्यावर प्लायवुड. प्लायवुडवर रंगाचा डबा, अगदी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखा. वायरचं एक टोक छताखालून लोंबत होतं. नळ ठोकळ्याला टेकून. आणि पुढं, दार असतं त्या जागी, आईचं कुलूप.

आत्या बघतच राहिली. सत्तावीस वर्षं या वस्तू पेटीत एकावर एक पडून होत्या. त्यांना असं उभं केलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"लागले होते," आत्या म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"मला लागले होते, बाबा. त्या वर्षी मला सात महिने काम नव्हतं. पेटीतून थोडे मागावेत असं मनात होतं. पण पेटी निम्म्यावर आलेली, आणि तुम्ही रोज सांगत होता, आत्ता काढलं तर बुडालो. बरोबरच होतं तुमचं. मग मी त्या नदीकाठच्या ठेकेदाराचं काम घेतलं. निम्म्या मजुरीत. परांची नीट बांधलेली नव्हती, हे मला चढायच्या आधी दिसत होतं."

"तू शिडीवरून घसरलीस असं म्हणाली होतीस," दादा म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

"परांचीवरून पडले. शिडी म्हटलं की लोक फार विचारत नाहीत."

वहिनीनं टेबलाखालून तिचा हात धरला. म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्या पट्टीपासूनच माहीत असणार. शिडीवरून पडलेला खांदा आणि दोन मजल्यांवरून पडलेला खांदा यांत फरक असतो.

"तुम्हाला बोल लावत नाहीये, बाबा," आत्या म्हणाली. "इतकी वर्षं मलाही कळलं नव्हतं. आत्ता हे बघून कळतंय." तिनं डाव्या हातानं टेबलाकडे बोट दाखवलं. "आपण म्हणतो, आपल्याकडे नऊ कंपन्या आहेत. हे बघा की काय आहे ते. हे घर आहे. एकच. घरं बांधणं थांबलं की आपली कामं थांबतात, आणि त्याच दिवशी ही नऊच्या नऊ पण खाली बसतात."

भिंगरीनं पटकन हात मागं घेतला, आपण काहीतरी फोडलंय की काय अशा चेहऱ्यानं. मग तिनं आपणच केलेल्या घराकडे पाहिलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

सल्लागारबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आत्याला वाटलं, ह्या बाईंना हे मघाशी यादी पाहतानाच कळलं होतं.

दादा म्हणाला, "पण आपल्याला हेच तर कळतं. नळ कुठला चांगला हे मला कळतं. मी काय साबणाची कंपनी पारखू?"

"अंघोळ करतोस ना रोज?" वहिनी म्हणाली.

भिंगरी खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली, कारण बाबा उठले होते.

ते टेबलाशी आले. वाकून त्या घराकडे बघू लागले, आधी समोरून, मग बाजूनं. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या भिंतींकडे बघितलं तसं. मग सरळ होऊन खिडकीबाहेर, शेजाऱ्यांच्या कुंपणाकडे पाहिलं. बराच वेळ. आत्याला वाटलं, चिडले. मग तिच्या लक्षात आलं की ते ओठांतल्या ओठांत विटांचे थर मोजतायत.

"सांध्यावर सांधा," बाबा म्हणाले.

भिंगरीनं खिडकीकडे मान वळवली.

"आपल्या कामाचा सांधा जिथं, तिथंच पेटीचा सांधा. वरपासून खालपर्यंत एका रेषेत." त्यांनी ठोकळ्यावर बोट टेकवलं. "विटा एक नंबर. विटांना कोण नावं ठेवतंय." ते स्वतःशीच हसले, पण डोळे हसत नव्हते. "मी गवंडी. आणि माझ्याच घरात मी ही अशी भिंत बांधून ठेवली. आणि ती चिरली ती तुझ्या खांद्यात, आत्या."

"बाबा, बसा," ती म्हणाली.

"बसतो. बाई, आता सांगा. सांधे कसे मोडायचे?"

*

पुढचा तासभर बाई बोलल्या आणि घर ऐकत राहिलं. असं याआधी कधी झालेलं आत्याला आठवत नव्हतं. जे पैसे वर्षाच्या आत लागणार आहेत ते शेअरमध्ये ठेवूच नका, मग ते दुकानाचे असोत नाहीतर भिंगरीच्या कॉलेजचे. ते आधी बाहेर, मुदत ठेवीत. वर्षभराचा घरखर्चही तसाच बाजूला ठेवा, म्हणजे पुन्हा कुणाला मोडक्या परांचीवर चढावं लागणार नाही. उरलेलं एका दिवसात घाबरून विकू नका. तीन-चार टप्प्यांत कमी करा. जे घ्याल ते असं बघा, की घरं बांधणं थांबलं तरी लोकांना ते लागतंच. आणि काही भाग सरळ अशा फंडात, ज्यात सगळ्याच प्रकारच्या कंपन्या थोड्या थोड्या असतात. मग वर्षातून एक दिवस ठरवा, बसा, आणि जो भाग फार फुगलाय त्याला कात्री लावा.

"सगळ्यात फुगलेलं काय आहे?" दादानं विचारलं, उत्तर माहीत असलेल्या माणसासारखं.

"तुमचा नळ. पेटीतले निम्मे पैसे त्या एकट्या नळात आहेत."

"वाटलंच," दादा म्हणाला. "माझं जरा काही बरं चाललं की कात्री."

"तुझ्या नळानंच तर बहिणीचं दुकान निघतंय," बाबा म्हणाले. "मिशीला पीळ दे."

"मिशी नाहीये मला."

"मग वाढव."

दादानं आत्याकडे पाहिलं. तासापूर्वीचा पारा कुठं गेला होता कोण जाणे. "आत्या," तो म्हणाला, बाई नाही, "मला सांगायचंस ना तेव्हा. मी पाना विकला असता."

"गंजका पाना कोण घेतंय," ती म्हणाली, आणि दोघंही खाली बघून हसले.

वहिनी उठून आत गेली. आत्याला वाटलं, चहा ठेवायला गेली. पण ती पर्स घेऊन आली, आणि पर्समधून तिनं ताणल्या जाणाऱ्या पट्टीचा एक रोल काढून टेबलावर, कुलुपाच्या शेजारी ठेवला. खुर्चीत बसली आणि हाताची घडी घातली.

बाबांनी रोलकडे पाहिलं. मग सुनेकडे.

"तीच कंपनी?"

"तीच. इतक्या वर्षांत दवाखान्यानं तीन डॉक्टर बदलले, ही बदलली नाही. त्या वर्षीसुद्धा रोज एक खोकं संपायचं."

बाबांनी रोल उचलला. या वेळी दोन बोटांत नाही. तळहातावर घेतला, वजन केलं. टोक दादाच्या हातात दिलं आणि मागं मागं सरकत दारापर्यंत गेले. पट्टी ताणली. सोडली. परत ताणली. उजेडात धरून वीण पाहिली. भिंगरी मोजत होती. दहाव्या वेळेला बाबा थांबले.

"ही अंगावर बघायला हवी," ते म्हणाले. "आत्या, खांदा इकडे कर."

"वहिनीला बांधू दे, बाबा, तिला येतं."

"पारख माझी आहे."

मग बाबांनी बांधायला घेतलं आणि वहिनी बाजूला उभी राहून सांगत गेली, काखेतून घ्या, आता पाठीवरून, एवढं आवळू नका, ती काय भिंत आहे का. बाबांचे हात खरबरीत होते, नखांच्या कडेला अजून सिमेंट असल्यासारखे राखाडी. आत्यानं त्यांना आयुष्यात कधी कुणाला पट्टी बांधताना पाहिलं नव्हतं. लहानपणी गुडघा फुटला तर ते लांबूनच "काही होत नाही" म्हणायचे. टोक खोचून झाल्यावर त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

"दुखतंय?"

"कमी."

"मग घ्या," बाबा म्हणाले.

"काका, पट्टी चांगली आहे," बाई म्हणाल्या. "कंपनी चांगली आहे का, हे अजून बघायचंय. डोक्यावर कर्ज किती, नफा कागदावरच दिसतो की खरंच हातात येतो, आणि आज आपण जो भाव देऊ तो फार महाग तर नाही ना."

"ते हातानं नाही कळायचं?"

"नाही. ते वाचावं लागतं."

बाबांनी भिंगरीकडे पाहिलं. तिनं हात आधीच वर केला होता, शाळेत करतात तसा.

"वाचता येईल तुला?"

"येईल. नाही आलं तर विचारेन. विचारायची लाज वाटत नाही मला आता."

"मग वाच आणि सांग. तोपर्यंत पट्टी टेबलावर, पेटीत नाही." त्यांनी सुनेकडे पाहिलं, घसा साफ केला. "बारा-तेरा वर्षं उशीर झालाय, सुनबाई. अजून आठ दिवस चालतील?"

"बघते," वहिनी म्हणाली, पण तिचा चेहरा असा उजळला होता की आत्यानं मनात तो रंग टिपून घेतला. पिवळ्यात किंचित लाल, आणि पांढरा भरपूर.

बाईंनी आपल्या तासाचे पैसे मोजून घेतले, कारण बाबा उधार ठेवू देईनात. दारात जाताना त्यांनी आत्याला विचारलं, "माझ्या स्वयंपाकघराला कुठला रंग देऊ?"

"मी नाव सांगणार नाही," आत्या म्हणाली. "दुकानात या. दाखवते."

*

बाई गेल्यावर भिंगरी वस्तू परत पेटीत ठेवायला लागली. बाबा शेजारी उभे होते. कुलूप त्यांनी स्वतः आत ठेवलं, सगळ्यात खाली. "हे राहील," ते म्हणाले. ठोकळा, फरशी, प्लायवुड. ते यथावकाश निघतील तेव्हा निघतील.

नळाशी भिंगरीचा हात थांबला. बाबांनी पुढं होऊन तो उचलला. थोडा वेळ हातात धरला. मग झाकण लावलं, नळ बाहेर ठेवून.

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा.

"थोडाच विकायचाय, आजोबा," भिंगरी म्हणाली. "सगळा नाही."

"वस्तू अर्धी काढता येत नाही. काढली म्हणजे काढली." ते आत्याकडे वळले. "तुझ्या त्या दुकानात ब्रश धुवायला नळ आहे?"

"पाइप आहे. तोंडाला बूच लावलंय."

"मग हा घे."

"मी बसवून देतो," दादा म्हणाला. "मजुरी लागेल."

"रंगात देईन."

आत्यानं नळ घेतला. बारा वर्षं पेटीत राहूनही त्यावर एक डाग नव्हता. तिनं तो डाव्या हातात धरला, मग काय वाटलं कोण जाणे, बदलून उजव्यात घेतला. पट्टीखाली खांदा उबदार झाला होता. समोर भिंगरी पेटीवर बसून पाय हलवत होती, तिची जीभ दातांत, अगदी पाच वर्षांची असताना मोजताना असायची तशी.

आत्यानं नळ उघडला आणि बंद केला.

"दोनशे एक," भिंगरी म्हणाली.